रातांबा कोणी मारला

दिगंबर, तुझं नाव घेते. उखाण्याशिवाय घेते. जन्मभर चारचौघांत अहो म्हटलं आणि भांडताना तेवढं अरे. आता मला जे लिहायचंय ते सगळं भांडणच आहे, तेव्हा अरेच म्हणणार.

एकच गोष्ट मला तुझ्याकडून हवी होती. आपल्या अंगणातला रातांबा, माझं आमसुलाचं झाड, तू मारलास की नाही, एवढं खरं सांगायचं होतंस. दोन वर्षं विचारत होते. चुलीपुढे विचारलं, जेवायला वाढताना विचारलं, तुझ्या त्या मशीनच्या खोलीच्या दारात नाकाला पदर लावून विचारलं. प्रत्येक वेळी तुझं एकच, "नाय गो शालू. भिरूड लागून मेला तो. किड्यानं पोखरला." आणि मग एका सकाळी अर्धा कप चहा ठेवून तू उठून गेलास. भांडण अर्धवट टाकून असा पळ काढणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

तुझ्या खेळातली मंडळी म्हणाली, "काकू, काकांच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढतोय, तुम्ही चार शब्द द्या." त्यांना वाटलं असेल, काकू रडेल, काकांच्या हातात कसब किती होतं ते सांगेल आणि खाली आपलं नाव लिहील. रडून झालंय माझं. ही पानं जशीच्या तशी छापायची. एक शब्द जरी कापलात तर पडवीत उभं असलेलं घाणेरड्या स्पिरिटचं पिंप तुमच्या दारात आणून ठेवीन, असं मी त्यांना सांगून ठेवलंय. मी बोलते तसं करते, हे त्यांना आता कळलेलं आहे. कसं कळलं ते पुढे सांगते.

लोकांचे नवरे जहाजावरनं कायमचे घरी येतात तेव्हा कलमं लावतात, नाहीतर देवळाच्या कमिटीत शिरून भांडणं लावतात. तू खेळ घेऊन आलास. बोटीवर फिटर होतास तेव्हा कुणा पोलंडच्या इंजिनियरने तुला हा नाद लावला. बोटाच्या पेराएवढे सैनिक टेबलावर मांडायचे, फासे टाकायचे, टेपने अंतर मोजून एकमेकांना मारायचं. पन्नाशी उलटलेल्या माणसाने! सैनिक ज्याचे त्याने आणायचे, तू मात्र त्यांच्या पायाखालची जमीन करायचास. बुरूज, पूल, पडकी देवळं, तुटके जिने. मी म्हटलं, "मेल्या, सगळं मोडकंच का करतोस? काहीतरी धड कर की." तू म्हणालास, "अगो, मोडक्यातच लपायला जागा असते." तेव्हा हसले होते मी. आता त्या वाक्याने डोकं तापतं, कारण लपवण्यात तुझा हात कुणी धरणार नाही हे मला कळलंय.

पहिली दोन-तीन वर्षं तुझं थर्माकोलचं चाललं. मिरकरवाड्याच्या बंदरात माशांच्या बर्फाचे फुटके खोके पडलेले असायचे, ते गोळा करून आणायचास, कापायचास, रंगवायचास. त्या बुरुजांना बांगड्याचा वास यायचा आणि आपलं मांजर तटबंदी चाटत बसायचं. तेवढं मी चालवून घेतलं. कचऱ्यातून आलं, कचऱ्यात गेलं. मग पुण्याच्या निनादने तुला त्या मशीनचं, थ्रीडी प्रिंटरचं, वेड लावलं. हा निनाद म्हणजे तुमच्या मंडळाचा म्होरक्या, वयाने तुझ्या अर्धा, आणि तू त्याला सर म्हणायचास. मला ते कधी आवडलं नाही. ज्याने अर्धी दुनिया पाण्यावरनं बघितली त्याने घरी बसून कुणाला सर म्हणावं?

मशीन आलं आणि त्याच्याबरोबर बाटल्या आल्या. मधासारखं पिवळं, मधासारखं दाट रेझिन. ते ट्रेमध्ये ओतायचं, खालून उजेड पडायचा, आणि पापुद्र्यावर पापुद्रा चढत एखादा बुरूज उलटा लटकत वर यायचा, वटवाघळासारखा. वर आला की स्पिरिटमध्ये धुवायचा. त्याला आधाराला शेकडो काड्या फुटलेल्या असायच्या, त्यांना तू टेकू म्हणायचास, ते कातरून टाकायचे. एका बुरुजाला टेकू किती! बुरूज जाई पुण्याला, टेकू राहत माझ्या घरी. लादीच्या फटीत, पायपुसण्यात, एकदा तर भाताच्या डब्यात. पायात टेकू रुतला की मी तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि तू आतून म्हणायचास, "चप्पल घाल गो." माझ्या घरात मी चप्पल घालू?

आणि शेवटचं काम उन्हाचं. रेझिनला ऊन दाखवलं की ते टणक होतं, हे तू मला कौतुकाने सांगितलंस तेव्हाच मी वळून अंगणाकडे बघितलं. निनाद म्हणाला होता, त्यासाठी विकतचा दिवा मिळतो. तू म्हणालास, "दिवा कशाला, देवानं फुकटचा दिलाय." देवाने दिलाय खरा, पण अंगणातलं ऊन माझं होतं रे. आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी, सांडगे. माझा सगळा धंदा त्या उन्हावर. चैत्र-वैशाखात अंगणात पाय ठेवायला जागा नसते माझ्या वाळवणाने, आणि तिथे मधोमध तुझं पडकं देऊळ वाळत पडलेलं.

आंबापोळीची गोष्ट तुला आठवते का? तू सगळ्यांना हसून सांगायचास ती. आज माझ्या तोंडून ऐक. ट्रेमध्ये उरलेलं गढूळ रेझिन ओतून द्यायचं नाही, पातळ पसरून उन्हात टणक करायचं आणि मग टाकायचं, असा तुमचा नियम. नियम चांगला आहे. पण ते पसरायला तू माझं स्टीलचं ताट घेतलंस. पिवळं, पातळ, कडेला जरासं सुरकुतलेलं. संध्याकाळी मळभ आलं, शेजारच्या सुमनवहिनी धावत आल्या मदतीला, आणि त्या बाईने सगळी ताटं एकावर एक रचून घरात आणली. तुझंही. तुझं ताट मधोमध. सकाळी वड्या पाडायला घेतल्या तर सुरी आत जाईना. आणि वास! वरच्या-खालच्या सगळ्या पोळ्यांना रॉकेलच्या बहिणीसारखा वास. अख्ख्या मोसमाची आंबापोळी खड्ड्यात पुरली मी. रडत रडत पुरली. आणि तू काय म्हणालास? "ताट बघून उचलायचं ना."

त्या दिवशी तू अंगणात चिऱ्यांची रांग लावलीस. अलीकडे माझं ऊन, पलीकडे तुझं. आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालास, "तुझी शपथ शालू, ह्याचा एक थेंब जमिनीवर पडायचा नाय." मी विश्वास ठेवला. रातांबा तुझ्या बाजूला येत होता तरी ठेवला.

हा रातांबा कोण, ते तुझ्या पुस्तिकेवाल्यांना माहीत नाही, म्हणून सांगते. लांज्याला माझं माहेर. तिथनं मी ते रोप एसटीत मांडीवर घेऊन आले होते, लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात. रातांब्याचं झाड मादी निघेल की नर, ते फळ धरेपर्यंत कळत नाही. नर निघालं तर सात-आठ वर्षं पाणी घातलेलं फुकट. तू जहाजावरनं फोन केलास की पहिलं विचारायचास, "काय गो, तुझा जावई निघाला की सून?" ज्या वर्षी पहिली फळं लागली त्या वर्षी तू दूर कुठल्या बंदरात होतास. फोनवर मी नुसती ओरडले, "सून!" आणि तू इतक्या जोरात हसलास की तुझ्या मागे कुणीतरी विचारलं, काय झालं म्हणून. त्या झाडाच्या आमसुलांवर माझा धंदा उभा राहिला. तू समुद्रात असताना बोलायला तेच होतं मला.

ते झाड दोन वर्षांपूर्वी वरनं वाळत खाली आलं. आधी शेंडा, मग एकेक फांदी. तुझ्या बाजूला असलेलं झाड, तुझ्या स्पिरिटच्या बादल्यांच्या पाच पावलांवर. मी तुला विचारलं. तू म्हणालास भिरूड. मी म्हटलं, "बुंध्यात स्पिरिट ओतलंस." तू म्हणालास, "देवाशपथ नाय." मी म्हटलं, "मग चल देवळात. नारळावर हात ठेव." तू म्हणालास, "एका झाडासाठी देवळात? लोक हसतील." लोक! आणि मग तुझ्या भरलेल्या गोण्या माळ्यावर मावेनात, म्हणून तू त्याच मेलेल्या झाडाच्या बुंध्याशी आणून रचल्यास. फसलेले बुरूज, टेकू, चिकट हातमोजे, पुसलेले कागद. घंटागाडीवाल्याने एक गोणी उघडून बघितली होती आणि डोकं खाजवून म्हणाला होता, "वहिनी, ह्या ओला म्हणू की सुका?" नेली नाही त्याने. मी त्या गोण्यांकडे जाणं सोडलं. झाड तोडूही दिलं नाही. उभं राहू दे, दिसू दे तुला रोज, असं मनात म्हटलं.

यंदाच्या शिमग्याला पालखी आपल्या अंगणात आली. तू नारळ घेऊन पुढे, मी ओटी घेऊन. मानकऱ्यांनी विचारलं, काय गाऱ्हाणं घालायचं? पोरीबाळींना चांगलं स्थळ मिळू दे, घरात सुखशांती राहू दे, असलं काहीतरी सांगायचं असतं. मी त्यांच्या कानात वेगळंच सांगितलं. ते थबकले. तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग त्यांनी आवाज लावला. "देवा महाराजा! हिच्या दारचा रातांबा ज्या कुणी मारला असेल, मग तो घरचा असो की दारचा असो, त्याला तू बघून घे महाराजा!" सगळी वाडी ओरडली, "व्हय महाराजा!" आणि दिगंबर, सगळ्यांत मोठा आवाज तुझा होता. नारळ वर धरून, घसा ताणून, "व्हय महाराजा!" मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. पापणीही हलली नाही तुझी.

मला वाटलं, एकतर हा माणूस खरं बोलतोय, नाहीतर ह्याच्यासारखा निगरगट्ट कोकणात नाही.

दिवाळी झाली आणि तू गेलास. कसा गेलास ते मी लिहिणार नाही, पुस्तिकेवाले लिहितील. मला एवढंच आठवतं की तुला दवाखान्यातनं घरी आणून खाली ठेवलं, बायका रडायला लागल्या, आणि तुझ्या खोलीत मशीन चालूच होतं. सकाळी तू लावून ठेवलेलं. कुणालाच बंद करता येईना. तू गेल्यावरही दुपारपर्यंत ते आपलं काम करत राहिलं. मग त्याने शिटी मारली, काम झालं म्हणून. मी उठून गेले, झाकण उचललं. एक दीपमाळ उलटी लटकत होती आणि तिच्यावरनं थेंब थेंब ट्रेमध्ये पडत होता. मला इतका राग आला म्हणून सांगू! ज्याने लावलं तो गेला आणि हे निर्लज्ज पुरं होऊन बसलं.

दहाव्याला सुमनवहिनी माझ्याजवळ बसल्या, हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "बाय माझे, रागावू नको. पण देवाजवळ तसा मागूचा नव्हता." एवढंच बोलल्या. एकदा बोटीचा दोर तुटून तुझ्या अंगावर आला होता ते सांगायचास ना, तसं काहीतरी माझ्या छातीवर बसलं. म्हणजे वाडीत हेच बोललं जातंय. शालूच्या गाऱ्हाण्याने नवरा गेला.

आता माझी पंचाईत बघ. तू झाड मारलेलं असलंस तर दोन वर्षांच्या भांडणात मी खरी. पण मग महाराजाने माझं ऐकलं, आणि तुला मीच धाडला. तू मारलेलं नसलंस तर मी मोकळी, पण मग दोन वर्षं तुला उगाच छळला आणि भांडण तू जिंकलास. जिवंतपणी तुला कधी जिंकू दिलं नाही, आता मेल्यावर देऊ? दोन्हीकडनं मेलीच मी. पण कळायला तर हवं होतं. तू असतास तर तुझी गचांडी धरून विचारलं असतं.

तेरावं झालं आणि पुढच्या रविवारी तुझी मंडळी आली. तीन गाड्या. निनादच्या हातात भला मोठा हार. तुझ्या फोटोपुढे उभा राहून म्हणाला, "काकांनी आम्हाला एक जग दिलं." मग सगळे खोलीत शिरले आणि हळूहळू एकेकाच्या तोंडातनं यायला लागलं, "काकू, आठवण म्हणून हा पूल नेऊ का?" "काकू, तो बुरूज…" निनादला तुझा धक्का हवा होता. तू मिरकरवाड्याचा धक्का केलेलास तो. ट्रॉलर, बर्फाची गाडी, तांदळाच्या दाण्याएवढे मासे, लिलावाला बसलेल्या बायका, आणि त्यांच्यामधनं तलवारी घेऊन लपतछपत जाणारी ती खेळातली गोरी माणसं. त्यातल्या एका टोपलीवालीचं तोंड तू उघडं ठेवलं होतंस. ही कोण म्हणून विचारलं तर नुसता हसला होतास. मी काय मूर्ख आहे?

हा निनाद तोच, ज्याने एका कंगोऱ्याची कड जरा बोथट आली म्हणून अख्खा किल्ला परत करायला लावला होता. फोटो बघून म्हणाला, "काका, हे स्क्रॅप करा, नवीन मारा." मारलास तू नवीन. स्क्रॅप कुठे गेलं? गोणीत. रंग करडा हवा होता, पिवळा आला, गोणीत. माप जरा चुकलं, गोणीत. त्याच्या तोंडातनं स्क्रॅप हा शब्द निघायचा आणि माझ्या अंगणात एक गोणी वाढायची. ह्या माणसाची मी किती वर्षं वाट बघत होते!

मी चहा दिला. लाडू दिले. मग पदर खोचला आणि म्हटलं, "न्या. सगळं न्या. पण एक रीत आहे. ज्याला बुरूज हवा, त्यानं त्या बुरुजाची गोणीही न्यायची. काकांनी जग दिलं म्हणता ना? मग जगाचा केर कुणी न्यायचा, काकूनं?"

ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारी दुःखात गंमत करतेय. मी दारात उभी राहिले. हलले नाही. मग हसणं थांबलं. एक जण म्हणाला, "पण काकू, ह्याचं आम्ही काय करणार?" मी म्हटलं, "तेच मी काकांना विचारायची. तुम्ही शिकलेले आहात, शहरात राहता, शोधून काढा. नाहीतर दिवाणखान्यात ठेवा, बुरुजाच्या शेजारी." निनाद म्हणाला, "पुढच्या वेळी टेम्पो करून…" मी म्हटलं, "धक्काही मग पुढच्याच वेळी."

उचलल्या त्यांनी. तू बघायला हवा होतास रे! चांगले इस्त्रीचे शर्ट घातलेले सात-आठ बाप्ये माळ्यावरनं गोण्या उतरवतायत, टेकू बोचून आई गं म्हणतायत, आणि मी ओटीवर उभी राहून सांगतेय, "चप्पल घाला हो." निनादच्या पांढऱ्या गाडीत मागच्या सीटवर, डिकीत, पायाशी, सगळीकडे गोण्या. ती उलटी दीपमाळही त्यालाच दिली. धक्का मांडीवर घेऊन बसला बिचारा. देण्याआधी मी पक्कड घेऊन त्या उघड्या तोंडाच्या टोपलीवालीला तिथनं तोडून काढलं. ती माझी आहे. त्याने बघितलं, पण बोलायची छाती झाली नाही. गाड्या वळणावरनं दिसेनाशा झाल्या आणि मी मोठ्याने हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. सूड इतका गोड लागतो हे मला माहीत नव्हतं, आमसुलाच्या धंद्यात आयुष्य गेलं ना.

तर शेवटच्या गोण्या त्यांनी रातांब्याखालनं उचलल्या होत्या. एक रिकामी फाटकी तेवढी तिथे पडून होती. ती आणायला म्हणून मी गेले. तिच्याखालचा पाला आणि माती मी पायाने बाजूला केली, का केली देव जाणे, आणि काहीतरी चकाकलं.

खाली बसले. कोयत्याच्या टोकाने माती उकरली. रेझिनची वडी होती, दिगंबर. बशीएवढी, पिवळी, टणक. वर माती ओढून, पाला पसरून नीट झाकलेली. सांडलं असेल, उन्हात टणक झालं असेल, आणि तू घाबरून वर माती लोटलीस. वर गोण्या रचल्यास. त्या वडीत रातांब्याचं एक पान अडकलेलं होतं, वाळकं नव्हे, हिरवं असताना अडकलेलं. म्हणजे झाड जिवंत असताना तू सांडलंस. तुझी शपथ म्हणत माझ्या डोक्यावर ठेवलेला हात तो हाच. नारळ वर धरून व्हय महाराजा म्हणणारा गळा तो हाच. सापडलास!

मी जिंकले. मेलेल्या झाडाखाली फतकल मारून बसले आणि मोठ्याने म्हटलं, "बघ! बघ मेल्या! सांगत होते की नाही?" अंगणात कुणी नव्हतं. कोंबडी होती, ती जरा लांब गेली. सांडलं म्हणून सांगायला काय झालं होतं तुला? दोन दिवस बोलले नसते, तिसऱ्या दिवशी तिरफळं घालून बांगड्याचं कालवण केलं असतं, संपलं असतं. समुद्रात वादळांना भ्यायला नाहीस आणि बशीभर रेझिनला भ्यालास.

रागाने मी वडी उचलून बुंध्यावर आपटली. वडी फुटली नाही. साल निघाली. हातभर साल सुटून खाली पडली आणि आतून भुसा सांडला. भुसभुशीत, तांबूस, भसाभसा सांडत राहिला. बुंध्यात अंगठा जाईल एवढी भोकं, वरपासून खालपर्यंत. मी बोट घातलं, बोट पुरलं नाही. काठी घातली, काठी आत गेली. आतून सगळं झाड पोकळ. हे बशीभर सांडल्याने होत नाही. हे वर्षानुवर्षांचं काम. भिरूडच होता.

बसून राहिले. म्हणजे तू सांडलंस, लपवलंस, माझ्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडलीस, आणि तरी झाड तू मारलं नाहीस. खोटारडा होतास, पण गाऱ्हाणं तुझ्यावर नव्हतं. म्हणून घसा ताणून व्हय महाराजा म्हणू शकलास होय? मग महाराजाने तुला नेलं नाही. माझ्या शब्दाने तू गेला नाहीस. मी सुटले. मला हलकं वाटायला हवं होतं ना? उलट मी सांडलेला भुसा मुठीमुठीने परत भोकात कोंबायला लागले. म्हणजे तू असाच गेलास. कुणी मागितलं नाही, कुणी रागावलं नाही, काही कारण नाही. चहा प्यायलास अर्धा आणि गेलास.

तेवढ्यात कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडनं सुमनवहिनींची हाक आली, "शालू, कोणाशी बोलतस गो?" आणि त्या यायला लागल्या. मी झटकन ती फाटकी गोणी उचलली आणि उघड्या पडलेल्या बुंध्यावर टाकली. भुशावर पायाने माती लोटली. तू लोटली होतीस तशीच. मग त्या आल्या आणि मी त्यांना वडी दाखवली. त्यांनी तोंडावर हात घेतला. "म्हणजे भाऊजींनीच…?" मी म्हटलं, "व्हय."

त्या रडायला लागल्या. मी रडले नाही. दुसऱ्या दिवशी भुसा गोळा करून चुलीत घातला, चांगला धडधडून पेटला. वडी तुझ्या फोटोपुढे ठेवलीय, नैवेद्याच्या जागी. सकाळ-संध्याकाळ दिवा लावते तेव्हा तिच्यातलं पान दिसतं. टोपलीवालीला तिच्यावर उभी केलीय, तोंड उघडं ठेवून. घे, ऐक आता जन्मभर.

आणि वाडीत जे बोलतात ते बोलू देत. शालूच्या गाऱ्हाण्याने नवरा गेला म्हणतात, म्हणोत. मी कुणालाही खरं सांगणार नाही, फक्त तुझ्या ह्या पुस्तिकेत लिहून ठेवलंय, आणि ती आपल्या वाडीत कोण वाचणार? असाच गेलास, हे मला सोसवत नाही, दिगंबर. त्यापेक्षा मी धाडला, हे बरं.